न कळवता कुणाच्या घरी जाता का अजून?

मंगळवार_पेठेतली

नमस्कार मंडळी. सहा वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टला राहते. सध्या तीन महिन्यांसाठी कोल्हापुरात, आईबाबांकडं आले आहे. परवा सकाळी जे झालं ते मनातून जाईना, म्हणून लिहिते.

साडेसातची वेळ. शेजारच्या मावशी मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात आल्या. हातात स्टीलची वाटी, वर ताटली झाकलेली, आत खरवस. "पोरगी आलीया म्हटल्यावर गवळ्याकडनं चीक ठेवून घेतला," म्हणाल्या. वाटी ओट्यावर ठेवली आणि त्याच हातानं शेगडीवरच्या पातेल्याचं झाकण उचललं. "वरणा केलायस व्हय? कूट जरा जास्त घाल." मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून, "किती वाळलीस गं. तिकडं कोण बघत न्हाई व्हय तुझ्याकडं?" माझे केस विंचरलेले नाहीत, अंगात रात्रीचा गाऊन, झोप अर्धवट. तोंडातून निघून गेलं, "मावशी, यायच्या आधी एक फोन केला असता तर बरं झालं असतं."

त्या थांबल्या. "बरं बाई, येतो," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. वाटी-ताटली आमच्याकडंच राहिली.

आई दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढताना म्हणाली, "दोन वर्षांमागं तुझे बाबा न्हाणीत पडले, तवा तिला फोन लावायची सवड होती व्हय मला? ती अशीच आली मागच्या दारानं, म्हणून माणूस आज ताटावर बसलाय." बाबांना उचलून रिक्षात घातलं ते मावशींच्या दोन मुलांनी. मला स्टुटगार्टला कळलं सहा तासांनी, सगळं पार पडल्यावर.

तिकडं मला कळवून येण्या-जाण्याची सवय लागली आणि खरं सांगते, ती आवडली. मैत्रिणीकडं जायचं तर तीन आठवडे आधी दिवस ठरतो. पण त्या दिवशी ती पूर्ण माझी असते. फोन बाजूला, केक स्वतः भाजलेला, टेबलावर मेणबत्ती. ही माया कमी आहे असं मला वाटत नाही. आणि खरवसाची वाटी घेऊन आलेली माया कमी आहे असं तर म्हणवतच नाही.

तुम्ही जे बाहेर राहिलात किंवा राहताय, तुमचं काय झालं? न कळवता जाता का अजून कुणाकडं? आणि तसं कुणी आलं तर आतून काय वाटतं?

राजारामपुरी_सातवी_गल्ली

खरवस शिल्लक आहे का? असेल तर मी फोन करून येतो.

कालव्याकाठी

ताई, नेदरलँड्समधल्या उट्रेख्टहून लिहितोय. हे नववं वर्ष. पहिल्याच वर्षी ऑफिसातल्या एका मित्रानं वाढदिवसाला घरी बोलावलं. निरोपात वेळ होती दुपारी 2 ते 5. संपायची वेळसुद्धा कळवतात हे मला तेव्हा समजलं. आत गेलो तर खुर्च्या गोल मांडलेल्या, आणि येणारा प्रत्येक जण गोलातल्या प्रत्येकाशी हात मिळवून अभिनंदन करतोय. नुसतं वाढदिवस असलेल्याचं नव्हे, त्याच्या आईचं, बायकोचं, सासऱ्याचं. "तुमच्या मुलाबद्दल अभिनंदन", "तुमच्या जावयाबद्दल अभिनंदन". मला ते फार आवडलं. माणूस एकटा मोठा होत नाही, भोवतीची माणसंही त्याच्याबरोबर एक वर्ष पुढं गेलेली असतात.

इथल्या पुष्कळ घरांत संडासाच्या भिंतीवर एक कॅलेंडर असतं. त्यावर वार नसतात, फक्त तारखा, आणि तारखांपुढं नातलगांची, मित्रांची नावं. रोज नजर पडते, त्यामुळं कुणाचा वाढदिवस विसरला जात नाही. चौथ्या वर्षी त्याच मित्राच्या घरी कॅलेंडरवर माझं नाव दिसलं, त्याच्या बायकोच्या अक्षरात. बाहेर येऊन मी कुणाला काही बोललो नाही, पण घरी जाताना सायकल चालवत आईला फोन लावला.

कॉफीचे दोन युरो वीस सेंट मागणारा निरोपही त्याच मित्राचा येतो बरं का. पैसे वळते करायचं एक ॲप आहे, सगळे वापरतात. पहिल्यांदा मनाला लागलं. आता वाटतं, हिशोब जागच्या जागी फिटला की मैत्रीत काही अडकून राहत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: इथं न कळवता कुणाकडं जात नाही. कोल्हापुरात उतरलो की पहिल्या दिवशी चार घरं हिंडतो, एकालाही कळवत नाही.

काय_भावा

@कालव्याकाठी दादा, आमच्यात उलटं हाय. हिशोब फिटला तर मैत्री संपली. आजचा चहा तू पाज, उद्याचा मी. दोघांपैकी एकाचं काहीतरी कायम देणं राहिलं पाहिजे, तरच माणूस परत भेटतोय.

दूधकट्टा

वय 71. कोल्हापूर सोडून राहिलो ते फक्त चार महिने, मेलबर्नला मुलाकडं. तिथला शेजारी कुंपणावरून पिशवीभर लिंबं द्यायचा, पण फाटक उघडून कधी आत आला नाही. ते असो.

एक गोष्ट तुम्हा मुलांच्या ध्यानात येत नाही. पूर्वीसुद्धा उठला तो माणूस थेट स्वयंपाकघरात येत नव्हता. आमच्या शुक्रवार पेठेतल्या घराला रस्त्याला लागून कट्टा, मग सोपा, मग माजघर, त्यामागं स्वयंपाकघर आणि शेवटी परडं. तोंडओळखीचा माणूस कट्ट्यावर बसायचा. जवळचा सोप्यात. अगदी घरचा असला तर माजघरात. बायका परड्याकडनं यायच्या. कोण कुठवर येणार हे घराच्या बांधणीतच ठरलेलं असायचं. म्हणून कळवायची गरज पडत नव्हती. आत केर काढायचा राहिला असला, कुणी आजारी असलं, तरी सोप्यात घोंगडं टाकून माणूस बसवता यायचा, तांब्याभांडं पुढं करता यायचं.

माझ्या डोळ्यांदेखत गल्लीतली अशी घरं उतरवली आणि त्या जागी अपार्टमेंटं उभी राहिली. आता दार उघडलं की पाहुणा थेट हॉलमध्ये, आणि हॉलमध्ये वाळत घातलेले कपडे, पोराचा अभ्यास, सुनेचं ऑफिसचं काम. घरातल्या माणसाला अवघडल्यासारखं होणारच. पोरी, तू जर्मनीला जाऊन बदललीस असं मनाला लावून घेऊ नकोस. सोपा गेला आणि सोफा आला, तिथंच हे सगळं बदललं.

आजरा_घनसाळ

@दूधकट्टा काका, तुमचं लिहिणं पटलं. पण आदरानं एक विचारते, सोप्यात ते तांब्याभांडं आणून देणारी कोण होती?

माझं लग्न कागलजवळच्या एकत्र कुटुंबात झालं. रविवारी दुपारी दीडचा सुमार, पंगत उठत आलेली, आणि सासऱ्यांचे चार मित्र दारात. "असूं दे, असूं दे, जेवायला न्हाई आलो," म्हणत पाय धुवायचे. मग पोराला पिटाळून किलोभर मटण यायचं. पांढऱ्या रश्श्याला नारळाचं दूध काढायचं, तीळ-खसखस वाटायची, तांबड्याचं वाटण वेगळं. वाटणाच्या मिरचीनं बोटं रात्रीपर्यंत चुरचुरायची. मी जेवायला बसायची चारला. तेव्हा रश्श्यात फोडी नसायच्या आणि भाकरी गार झालेली असायची.

ती माणसं वाईट होती असं मी कधीच म्हणणार नाही. फार प्रेमानं यायची, जाताना "वहिनी, हाताला चव हाय तुमच्या" म्हणायची. पण अकरा वर्षांत एकानंही "तुम्ही जेवलात का" असं विचारलं नाही.

नंतर चार वर्षं न्यू जर्सीत होतो. धाकटी तिथंच झाली. शेजारच्या बाईंनी एक तक्ता केला, दोन आठवड्यांचा. कोण कोणत्या दिवशी जेवण आणणार, आम्ही काय खातो, काय खात नाही, सगळं त्यात लिहिलेलं. आम्ही दाराबाहेर बर्फाची पेटी ठेवायची आणि त्यांनी डबा त्यात ठेवून निघून जायचं. बेल वाजवायची नाही, बाळ झोपलेलं असेल. पहिल्या दिवशीच्या डब्यावर चिठ्ठी होती: भांडं परत करायची काळजी करू नका. बाळंतपणानंतर मी रडले ती त्या चिठ्ठीवर. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझे श्रम आधी मोजले आणि मग प्रेम दाखवलं.

म्हणून मला विचाराल तर कळवून येणारा पाहुणा मला जास्त जवळचा.

काय_भावा

आजरा ताई, तुमच्यावर जे झालं ते वाईटच. पण त्यावर इलाज काय? पुरुषांनी उठून वाटण वाटायचं, का पाहुण्यांनी यायचं बंद करायचं? शिवाजी पेठेत आमच्या घरी मित्र आले की मी आणि भाऊ चूल पेटवतो, आई खुर्ची टाकून बसते आणि मीठ सांगते. फोन करूनच जायचं असलं तर मग ते मित्राचं घर कसलं, ते ऑफिस झालं.

आजरा_घनसाळ

@काय_भावा मग तुझ्या घरी मी न कळवता येईन.

पुण्याची_सून

धाग्याचा विषय सोडून एक विचारू? पहिल्या पोस्टमध्ये मावशी "येतो" कशा म्हणाल्या? टंकायला चुकलं का?

राजारामपुरी_सातवी_गल्ली

चुकलं नाही वहिनी. कोल्हापुरात बायका "मी आलो, मी जेवलो, मी येतो" असंच बोलतात. माझी आजी तर असंच बोलून अख्ख्या गल्लीवर राज्य करायची.

मंगळवार_पेठेतली

हो, मीही घरात "येतो"च म्हणते. इथं लिहिताना "येते" होतं. सहा वर्षांत ते विसरले नाही याचा आनंद आहे.

कॉर्कचा_पाऊस

"तिकडं" म्हणून सगळं एका टोपलीत घालू नका, एवढीच विनंती.

मी आयर्लंडमध्ये, कॉर्कपासून तासाभरावरच्या गावात पाच वर्षं आहे. इथं कुणी गेलं की स्थानिक रेडिओवर नाव वाचून दाखवतात, कुठल्या घरी, किती ते किती, अंत्यविधी कधी. मृताला घरी आणतात, बैठकीच्या खोलीत उघड्या पेटीत ठेवतात, आणि गाव येतं. आमंत्रण नसतं. ओळख असलीच पाहिजे असंही नाही. रांगेनं घरच्यांचा हात हातात घ्यायचा, "तुमच्यावर आलेल्या वेळेचं वाईट वाटतं" एवढंच म्हणायचं, मृताजवळ क्षणभर थांबायचं आणि स्वयंपाकघरात जायचं. तिथं शेजारपाजारच्यांनी आणलेल्या सँडविचचे ढीग, चहाची किटली रात्रभर चालू.

माझ्या घरमालकाची आई गेली तेव्हा मी पहिल्यांदा गेलो. दारात घुटमळत होतो, परका माणूस, काय बोलायचं माहीत नाही. एका म्हातारीनं माझ्याकडं बघितलं आणि माझ्या हातात भांडी पुसायचं फडकं दिलं. रात्री नऊपासून एकपर्यंत मी कप धुतले. तेवढ्यात निम्म्या गावाची ओळख झाली. आपल्याकडं सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारून भाकरी-आमटी येते. मला त्या रात्री माझ्या आजोबांचा दिवस आठवला. आमच्या दारात कोण कोण बुट्टीतनं भाकऱ्या घेऊन आलं होतं, त्यातली निम्मी नावं मला आजही माहीत नाहीत.

गगनबावडा_धुकं

जपान, नागोया. माझा अनुभव मधल्या वाटेचा आहे.

इथं नव्या घरात राहायला गेलं की शेजाऱ्यांना भेटून यायची जुनी रीत आहे. समोरची तीन घरं आणि दोन्ही बाजूंचे शेजारी असं ते मोजतात. हातरुमाल, साबण, खाऊ असं काहीतरी छोटं गुंडाळून न्यायचं, दारातच नाव सांगून वाकायचं आणि परत यायचं. आत कुणी बोलावत नाही, आपणही जायचं नाही. शहरातल्या तरुणांत हे कमी होत चाललंय, आम्ही केलं.

मला खरी गंमत वाटली ती वस्तीच्या फिरत्या फळीची. एक कागद अडकवायची फळी असते, त्यावर वस्तीच्या सूचना: कचरा कधी, भूकंपाचा सराव कधी, जत्रा कधी. आपण वाचायचं, शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी नेऊन द्यायचं. मला सुरुवातीला हा जुनाट कारभार वाटला. हे सगळं फोनवर पाठवता येणार नाही का? वस्तीच्या प्रमुख बाई म्हणाल्या, फोनवर पाठवलं तर पलीकडच्या आजोबांच्या दारात आठवड्यातून एकदा कोण उभं राहील?

मंगळवार_पेठेतली

@गगनबावडा_धुकं तुमची पोस्ट वाचून अंगावर काटा आला. माझ्याकडंही अशाच एका पाटीची गोष्ट आहे. सवडीनं लिहिते.

खजूर_कहवा

मस्कतहून. @दूधकट्टा काका, तुमचा सोपा इथं जिवंत आहे. त्याला मजलिस म्हणतात. घराच्या दर्शनी बाजूला खोली, बऱ्याच घरांत तिला बाहेरून वेगळं दार. येणारा माणूस घरच्यांना त्रास न देता तिथं बसतो. खजूर आणि वेलची घातलेला कहवा पुढं येतो. छोटा कप, दांडी नसलेला, तळाला थोडासाच कहवा. संपला की पुन्हा ओततात. पुरे झालं की कप मनगटातून हलवून दाखवायचा. मला हे माहीत नव्हतं, मी सभ्यपणानं कप पुढं करत राहिलो आणि यजमान सभ्यपणानं ओतत राहिले. सातव्या कपाला त्यांच्या मुलानं हळूच हात धरून शिकवलं. आता रमजानमध्ये इफ्तारला तेच घर माझी वाट बघतं.

कोपऱ्यावरची_मिसळ

सातवा कप म्हणजे आमच्याकडचा तिसरा कट. "अजून घाल" म्हणावं लागत नाही, वाढपी बादली घेऊन उभाच असतो.

पुण्याची_सून

आणि मिसळीबरोबर ब्रेड का देता हो तुम्ही?

कोपऱ्यावरची_मिसळ

वहिनी, त्याला वेगळा धागा लागेल. इथं नको.

भाऊसिंगजी_रोड

सगळं वाचलं. मन लावून लिहिताय सगळे, म्हणून मलाही मनातलं लिहू द्या.

उघडं दार, मोकळं घर असं आपण म्हणतो तेव्हा ते दार कुणासाठी उघडं होतं हेही बोलू. काकांनी कट्टा, सोपा, माजघर अशी उतरंड सांगितली. माझे आजोबा त्यातल्या कट्ट्यावरही बसू शकत नव्हते. त्यांना रस्त्यावरून हाक मारावी लागायची.

याच कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःच्या धंद्याला उभं केलं, त्यांनी भाऊसिंगजी रोडला 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल काढलं. महाराज जाता-येता गाडी तिथं थांबवून चहा मागवत, स्वतः पीत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावत. कुणाच्या हातचा चहा घ्यायचा ही गोष्ट केवढी मोठी आहे हे महाराजांना कळलं होतं. माझ्या नावामागं हे आहे.

मी दोन वर्षं इंग्लंडमध्ये, लेस्टरला शिकायला होतो. खोली बघायला गेलो तर घरमालकीणबाईंनी पगार विचारला, आडनावाचं फक्त स्पेलिंग विचारलं. परत येऊन कोल्हापुरात भाड्यानं फ्लॅट शोधला तेव्हा तीन ठिकाणी आडनावानंतर बोलणं थांबलं. त्या माणसांनी आत बोलावून सरबत दिलं होतं बरं का, अगत्यानं दिलं होतं. लेस्टरच्या बाईंनी दोन वर्षांत मला एकदाही चहाला विचारलं नाही, पण किल्ली पहिल्याच दिवशी हातात ठेवली.

दोन्हींतलं एक निवडायला लावू नका. मला किल्लीही हवी आणि सरबतही.

दूधकट्टा

@भाऊसिंगजी_रोड बाबा, तू लिहिलंस ते खरं आहे. आमच्या कट्ट्यावर कोण बसत नव्हतं हे मला ठाऊक होतं आणि मी ते लिहिलं नाही. ते लिहायला हवं होतं. शुक्रवार पेठेत येशील तेव्हा ये, चहा मी करतो. चुलीपाशी बसून बोलू.

भाऊसिंगजी_रोड

येतो काका. रविवारी.

शिरोली_नाका

काका, बरं वाटलं वाचून.

मी बॉनला असते. 2021चा जुलै माझ्या आयुष्यात कायमचा राहणार आहे. 14 आणि 15 जुलैच्या रात्री आमच्यापासून अर्ध्या तासावरच्या आर नदीच्या खोऱ्यात पूर आला. नुसत्या त्या खोऱ्यात 130हून जास्त माणसं गेली. आठवड्यानं इकडं पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली गेला आणि आईबाबा वरच्या मजल्यावर अडकले. 2019ला एकदा सगळं धुऊन काढलं होतं, पुन्हा तेच.

24 जुलैला, शनिवारी, मी त्याच आर खोऱ्यातल्या आरवाइलरला चिखल काढायला गेले. घरी बसून फोनकडं बघत राहणं सहन होईना. स्वयंसेवकांना न्यायला बसगाड्या लावल्या होत्या, लांबलांबचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले होते. जर्मन माणूस घंटा वाजवल्याशिवाय सख्ख्या भावाच्या घरात जात नाही असं मी समजत होते. त्या दिवशी लोक फावडं घेऊन, "कुठून सुरुवात करू?" एवढंच विचारत उघड्या घरांत शिरत होते. मी एका तळघरातून बादल्या वर दिल्या. घरच्या आजीबाई पायरीवर बसून प्रत्येक बादलीला "थँक्स" म्हणत होत्या. मधेच बाबांचा फोन लागला. शेजारच्या काकांनी नावेतून आईबाबांना काढून दुसऱ्या गल्लीतल्या घरी नेलं होतं, आणि त्या घरी आमच्यासकट चार कुटुंबं होती.

फोन ठेवला आणि चिखलात उभी राहून रडले. आजीबाईंनी काही विचारलं नाही. पायरीवर सरकून जागा केली.

काय_भावा

ताई. 🙏

मंगळवार_पेठेतली

उशीर झाला, माफ करा. पाटीची गोष्ट सांगते म्हटलं होतं.

स्टुटगार्टकडं एक रीत आहे, केरवोख. केराचा आठवडा. जिना आणि मधली जागा झाडून-पुसून घ्यायची पाळी प्रत्येक घरावर आठवड्याआठवड्यानं येते, भाडेकरारातच लिहिलेलं असतं. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. काम झालं की ती पाटी पुढच्या दाराला अडकवायची. पहिल्या वर्षी मला त्या पाटीचा धसका होता. तळमजल्यावरच्या आजीबाई पायऱ्यांचे कोपरे बोटानं तपासतात असं मला वाटायचं. तीन वर्षांत त्यांच्याशी "शुभ दिन" यापलीकडं बोलणं नव्हतं.

चौथ्या हिवाळ्यात मला ताप भरला. तीन दिवस अंथरुणात, ऑफिसला आजारी असल्याचं कळवलं होतं, घरी आईला मुद्दाम सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी, सोमवारी, बेल वाजली. दारात आजीबाई, हातात झाकलेलं पातेलं. म्हणाल्या, "पाटी तुमच्याच दाराला आहे. तुमची पाटी रविवारी संध्याकाळी सातच्या आत पुढच्या दाराला गेलेली असते. म्हणून आले. आत येऊ का?" पातेल्यात नूडल घातलेलं सूप होतं. जिना त्यांनी सकाळीच पुसून घेतला होता, 78 वर्षांच्या बाईंनी.

माझी पाटी किती वाजता हलते हे त्यांना ठाऊक होतं. मी त्याला पाळत समजत होते.

हे मी काल रात्री आईला सांगितलं. आई ऐकत राहिली आणि म्हणाली, "मग तुला मावशी साडेसातला का येतात ते अजून कळलं न्हाई व्हय?" बाबा साडेसातला न्हाणीत जातात. ते पडले त्या दिवसापासून मावशी रोज त्याच वेळेला परड्यात येतात, धुणं वाळत घालायचं निमित्त करून. तांब्या बादलीवर आपटल्याचा आवाज आला की परत जातात. आवाज यायला उशीर झाला तर काहीतरी हातात घेऊन आत येतात. परवा मी आले म्हणून बाबा गप्पा मारत बसले होते, आंघोळीला उशिरा गेले. खरवस आदल्या संध्याकाळीच केलेला होता.

आज सकाळी मागच्या दारानं गेले. फोन केला नाही. मावशी कांदा चिरत होत्या. मी बोलायच्या आधीच म्हणाल्या, "बस. तुझं बरोबर होतं, पोरी माणसाचं आवरलेलं नसतं. मी कडी वाजवत जाईन." मी म्हटलं, नका वाजवू. त्या म्हणाल्या, "वाजवीन. झाकण मात्र उचलणार." मग आम्ही दोघींनी मिळून त्यांच्या फोनमध्ये माझा जर्मनीचा नंबर घातला. नाव वाचायला त्रास होतो म्हणून माझा फोटो लावला. आता बाबांचं काही झालं तर मला सहा तासांनी कळणार नाही.

@आजरा_घनसाळ ताई, तुमचं वाचून मावशींना विचारलं, तुम्ही जेवलात का. अकरा वाजले होते, त्यांनी सकाळपासून चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. मग पोहे मी केले, त्यांच्याच घरात.

एक राहिलं. त्यांची वाटी-ताटली अजून आमच्याकडं आहे. उद्या द्यायची आहे आणि रिकामी द्यायची नाही. मला जर्मन पद्धतीचा सफरचंदाचा केक छान येतो, पण मावशींना अंडं चालत नाही. काय घालू वाटीत?

आजरा_घनसाळ

अंड्याऐवजी दही घाल, अर्धी वाटी. वर दालचिनी. मी तिकडं असताना सासूबाईंसाठी तसाच करत होते, होतो चांगला.

दूधकट्टा

वाटीत मावेल एवढाच तुकडा नको ठेवूस, वेगळ्या डब्यात अख्खा ने. त्या अर्धा परत पाठवतीलच.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

केक झाला की इथं कळवा. मी न कळवता येतो.